परत उठणाऱ्यांचा उन्हाळा

काल कूलर खाली काढला. वर्षभर तो माळ्यावर पडून असतो. जाळ्या उघडल्या, जुनं काळं पडलेलं गवत उपसून टाकलं, नवं भरलं, पाणी सोडलं आणि पंखा सुरू केल्याबरोबर ओल्या गवताचा वास खोलीभर झाला. आमच्या देऊळगाव राजात हा वास आला की उन्हाळा आला असं धरायचं, कॅलेंडर काही का म्हणेना. बाकीच्यांना त्या वासानं बरं वाटतं. मला रंगाच्या बाटल्या आठवतात आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलवत नाही. बायको म्हणाली, "कूलर लागला की तुमचं तोंड काऊन उतरते हो?" तिला दादा माहीत नाही. आमचं लग्न झालं ते तो गेल्यावर.

मी दात बनवतो. डॉक्टर तोंडातलं माप घेऊन पाठवतात आणि त्या मापावरून कवळ्या नि दातांवरच्या टोप्या आम्ही चौघं जण जालन्याच्या एका लहानशा लॅबमध्ये घडवतो. कवळी नीट बसली तर डॉक्टर हुशार, टोचली तर लॅबवाला गाढव. पंधरा वर्षं हेच ऐकून माझा स्वभाव आंबट झाला आहे, असं वहिनी म्हणतात. हाताबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही. तांदळाच्या दाण्यावर रेघ ओढायला सांगा, ओढून देतो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. विजेच्या खांबावर चढणारा लाईनमन, आणि रविवारी कबड्डीचा चढाईपटू. त्याच्या मांड्या बघून समोरचा संघ आधीच मागं सरकायचा. पण त्याचा गुडघा दुखायचा. दुखला की दुकानातून गोळी आणायची, गिळायची आणि मैदानात उतरायचं. खांबावर चढायचं असलं तरी गोळी. दहा-बारा वर्षं त्यानं त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. पुढं पाय सुजायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, गुडघ्याचंच काहीतरी असेल. पण निघाल्या किडन्या, आणि त्याही दोन्ही.

मग आठवड्यातून तीन दिवस जालना. सकाळच्या बसनं आम्ही दोघं सोबतच निघायचो. तो डायलिसिसला जायचा, मी लॅबला. त्याच्या डाव्या दंडाखाली शस्त्रक्रिया करून दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागायची. बसमध्ये तो माझं बोट धरून तिथं टेकवायचा आणि म्हणायचा, "पाह्य, लाईन चालू हाय." मला ते आवडत नसे. मी बोट काढून खिडकीबाहेर बघायचो. बाहेर काढून झालेल्या गव्हाची रानं आणि उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ.

चार तास एक हात मशीनला बांधलेला माणूस दुसऱ्या हातानं काय करणार? मोबाईल बघणार. दादानं आधी जुन्या कबड्डीचे सामने बघितले, मग शेतीचे, मग सापांचे व्हिडिओ. आणि एका चैत्रातल्या दुपारी मी लॅबमधून त्याला घ्यायला गेलो तर त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हे पाह्य बे संज्या."

बोटाच्या पेराएवढा एक शिपाई. अंगावर जाडजूड चिलखत, खांदे ढोलासारखे, हातात कसली तरी भविष्यातली बंदूक. एक माणूस बारीक ब्रशनं त्याच्या डोळ्यात ठिपका देत होता.

"काय हाय हे?"

"दोन-तीनशे वर्सानंतरच्या लढाईतला शिपाई. लोकं असे पन्नास-पन्नास रंगवतेत, टेबलावर मांडतेत आन् फासे टाकून लढाया खेळतेत."

"लेकराईचा खेळ हाय मंग."

"दाढीवाले लोकं हायेत सगळे. तुह्याहून म्हातारे." मग जरा वेळानं, टोचलेल्या सुईकडं बघत म्हणाला, "आपण करू हे. तुहा हात चांगला हाय."

नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. उलट लॅबमध्ये तेव्हाच छपाईचं नवं यंत्र आलेलं. रेझिन नावाच्या पातळ रसावर प्रकाश पाडून, थरावर थर घट्ट करत ते जबड्यांचे नमुने काढायचं. कुण्या परदेशी माणसानं अशाच शिपायांच्या फाईली इंटरनेटवर फुकट ठेवलेल्या होत्या. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, प्लेटवर जागा उरली तर टाक. किती काढू म्हणून दादाला फोन केला, तर तिकडून सरळ उत्तर, "सात. संघ सातचाच असते." म्हणून सात शिपाई, आणि त्यांच्याशी लढायला सात परग्रहावरचे किडे, सहा पायांचे, सोयाबीनवरच्या अळीसारख्या तोंडाचे. एका म्हाताऱ्या बाईच्या खालच्या जबड्याशेजारी ते सगळे उलटे लटकलेले वर आले. रंग दातांच्या नमुन्याचा, पिवळट. दादानं शिपाई घेतले. मला किडे आले. याबद्दल चर्चा झाली नाही, मोठा भाऊ होता तो.

सुरुवातीच्या चुका आता आठवल्या की हसू येतं आणि लगेच जातं. रंगाआधी अस्तराचा फवारा मारून दादानं सगळी फौज गच्चीच्या पत्र्यावर वाळत घातली. भर दुपारी. तासाभरानं बघतो तर बंदुका गुडघ्यापर्यंत वाकलेल्या, दोघं तर कमरेतून झुकलेले. "सगळे पाया पडून राह्यले," दादा म्हणाला. मी गरम पाण्यात एकेकाला बुडवून, मेण सरळ करतात तसं सरळ केलं. रंगाचंही तेच. बाटलीतून ब्रशवर घेतला की शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळायचा. मग व्हिडिओत सापडलं की पेढ्याच्या स्टीलच्या डब्यात ओला स्पंज ठेवायचा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. आणि दर व्हिडिओतला माणूस एक गोष्ट बजावून सांगायचा की रंग पाण्यानं पातळ करा, पुन्हा करा, ब्रश सारखा पाण्यात बुडवा.

पाणी. त्या उन्हाळ्याचं सगळं गाडं येऊन पाण्याशी अडायचं. किडनी गेलेल्या माणसाला पाणी मोजून. दिवसाचं पाणी वहिनी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायच्या, त्यातच चहा, त्यातच औषधाचा घोट. बाहेर पत्रे तडतडताहेत, कूलर घरभर ओला वारा सोडतोय, आणि या दोन्हींच्या मधे दादा खाटेवर कोरड्या ओठांनी बसलेला. जास्त पाणी झालं तर दुसऱ्या दिवशी सिस्टर वजनकाट्यावर उभं करून रागवायची, छातीत पाणी झालं तर काय करायचं म्हणून विचारायची. आणि मी त्या माणसासमोर ब्रश धुवायला काचेचा पेला भरून ठेवत होतो.

मला उशिरा कळलं. दादा ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओढायचा. चित्रं काढणारे करतात असं, लॅबमध्ये आम्हीही कधी करतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग एकदा बघितलं की ब्रशवर रंग नव्हताच. स्वच्छ ब्रश पेल्यात बुडवायचा, ओठांत धरायचा. पुन्हा बुडवायचा. शिपाई डाव्या हातात तसाच. तो इतका शांतपणे ते करत होता की मी मान खाली घातली आणि किड्याच्या पाठीवरचा हिरवा रंग पुन्हा एकदा दिला, गरज नसताना. वहिनींना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पेल्यात माठातलं पाणी भरायला लागलो, एवढंच केलं.

खेळाचे नियम इंग्रजीत होते. बारा पानं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, त्यातली शेवटची दोन त्याच्या यंत्रात अडकून फाटली. तो म्हणाला उद्या या, आणि तो उद्या काही आला नाही. दहा पानांत काय काय मिळालं? चालायचं किती, गोळी कुठवर लागते, फासा किती पडला की चिलखत वाचवतं. गोळी लागून पडलेल्याचं पुढं काय होतं, ते फाटलेल्या पानांवर असणार. दादाला त्यात अडचण दिसली नाही.

"काय व्हते म्हंजे? बाद व्हते. आपण समोरचा एक बाद केला का आपला एक जिवंत."

कबड्डीचा नियम. जो आधी बाद झाला तो आधी परत येणार. आम्हाला दोघांनाही ते इतकं बरोबर वाटलं की पुढं कुणाला विचारायचं सुचलंच नाही. खाटेवर प्लायवूडचा तुकडा, त्यावर लॅबमधले टाकाऊ प्लास्टरचे जबडे. ते पडक्या शहराचं काम करायचे. शिंप्याची टेप, लुडोचे फासे. दादाचा कप्तान पाच नंबरचा, त्याच्या पाठीवर मी पांढऱ्या रंगानं आकडा काढून दिला होता. माझा किडा त्याला पाडायचा, पुढच्या फाशाला दादा माझा किडा पाडायचा आणि पाच नंबर उठून परत रेषेवर. एकेक लढाई तीन-तीन दिवस चालायची. संपायचीच नाही. वहिनी भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोण जितलं?" आणि आम्ही दोघं मिळून सांगायचो, "चालू हाय."

बाबांना हे पटत नव्हतं. बाबा शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, सकाळची वंदना कधी न चुकवणारे. एक दिवस पंचशील म्हणून झाल्यावर तसेच उभे राहिले आणि खाटेवरच्या फौजेकडं बोट दाखवून म्हणाले, "पह्यलंच शील काय हाय? जीवहिंसा नाई. आन् तुमी घरात बंदुका मांडून बसले."

दादा म्हणाला, "बाबा, आपल्या खेळात कोणी मरत नाई. परत उठते."

बाबांनी पाच नंबरला चिमटीत उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि अगदी हलकेच जिथल्या तिथं ठेवलं.

भविष्यातल्या लढाया खेळणाऱ्याच्या डोक्यात भविष्य शिरतंच. दादा रंगवता रंगवता म्हणायचा की यांच्या काळात हात तुटला तर लोखंडाचा बसवत असतील, डोळा गेला तर काचेचा, बघणारा. "किडन्या तं दुकानात भेटत असतीन बे. दोन घेतल्या का एक फुकट." मी हसायचो. तेव्हा मला हसता येत होतं, कारण तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं.

वैशाख लागला तेव्हा विचारलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मयत दात्याच्या यादीत नाव घालू, पण नंबर कधी लागेल सांगता येत नाही, घरातलं कुणी देणारं असेल तर उशीर करू नका. वहिनींनी तिथल्या तिथं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. त्यांचा रक्तगट जुळला नाही. बाबांना वय आणि रक्तदाब. आई तर कधीच गेलेली. राहिलो मी. माझा गट दादाचाच. मी म्हणालो, माझ्या तपासण्या करा. तेव्हा मनापासूनच म्हणालो असेन. दहा-बारा दिवस रक्त दिलं, लघवी दिली, फोटो काढले. बसमध्ये दादा खिडकीबाहेर बघायचा, आणि मी त्याला किड्यांच्या नव्या चालींबद्दल सांगत राहायचो.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. सगळं जुळतंय, म्हणाले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एक प्रश्न मी प्रत्येक दात्याला एकट्यालाच विचारतो. तुमची मनापासून तयारी आहे का? नसली तरी चालेल. बाहेर कुणाला कारण कळणार नाही. तपासणीत बसत नाही, एवढंच आम्ही सांगतो."

त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची किडनी होती, दोन भागांत उघडणारी, शिकवायला असते तशी. मी तिच्या सांध्याची रेघ बघत बसलो. धंद्याची सवय. काम सुमार होतं, आतला लाल रंग रेघेबाहेर आलेला. मला वाटतं, मी तिकडं खूप वेळ बघत होतो. डॉक्टरांनी घाई केली नाही. चांगला माणूस होता. त्यांनी एवढा चांगुलपणा दाखवला नसता, दारातूनच ओरडून विचारलं असतं, तर कदाचित मी हो म्हणून गेलो असतो. पण तेही खोटंच. मी नाही म्हणालो.

लग्नाची बोलणी चालू होती, एकच किडनी असलेल्याला मुलगी कोण देणार, हे कारण मी परतीच्या बसमध्ये शोधून काढलं. नंतरही पुष्कळ काढली. बाबांना कोण बघणार, उभ्यानं करायचं काम कसं होणार. त्या खोलीत यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. तिथं फक्त भीती होती. पोट कापून घ्यायची, टेबलावर झोपून परत न उठायची. लाज वाटावी इतकी साधी भीती. लहान पोर सुईला भितं तशी.

बाहेर बाकावर दादा आणि वहिनी बसलेले. डॉक्टरांच्या मदतनीस बाईनं येऊन सांगितलं की भाऊ तपासणीत बसत नाहीत. दादानं माझ्याकडं बघितलं, फार नाही, फाशाचा आकडा बघतात तेवढंच, आणि म्हणाला, "चाला, बस निघून जाईन." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. आणि मग वहिनींनीच मला समजावलं. "तुमी काऊन मनाले लावून घेता भाऊजी? तुमच्या हातात होतं का ते?"

माणूस नको ते केल्यावर किती चांगला वागू शकतो, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. स्वतःतच पाहिलं. एकही डायलिसिस चुकवू दिला नाही. दुपारची सुट्टी त्याच्या खाटेशेजारी काढायचो, सिस्टरला विनवून जेवणाच्या टेबलावर तीन-तीन शिपायांची लहान लढाई मांडायचो. सुया टोचलेला त्याचा हात हलवता येत नसे, दुसऱ्या हाताला रक्तदाबाचा पट्टा, म्हणून फासे दोघांचेही मीच टाकायचो. तो डोळ्यांनी दाखवायचा, "त्या जबड्याच्या मांगं घे," की मी त्याचा शिपाई सरकवायचो आणि मग माझ्याच किड्यावर गोळी झाडायचो. आणखी सात छापले, आणखी सात. रात्रीच्या जेवणाला त्याच्यासाठी बिनमिठाची भाजी झाली की मीही तीच खायचो. बुद्धपौर्णिमेला घरी खीर झाली, नातेवाईक आले. दादाला दूध चालत नव्हतं, म्हणून मीही वाटी परत केली. सगळ्यांनी ते पाहिलं. लांबचे एक मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालून घेतली ती विनयानं, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

ज्येष्ठ सरत आला होता. दुपारी चारच्या सुमाराची वेळ, वीज गेलेली, कूलर बंद. वहिनी अंगणवाडीच्या कामावर, बाबा झोपलेले. दादा सुजल्या चेहऱ्यानं उठून बसला आणि स्वतःच फौज मांडायला लागला. मांडून झाल्यावर म्हणाला, "आज खऱ्या नियमानं खेळू."

"खऱ्या म्हंजे?"

त्यानं मोबाईल उघडून दाखवला. ती फाटलेली दोन पानं. त्याला ती वैशाखातच सापडली होती. गोळी लागली आणि चिलखतानं वाचवलं नाही, तर शिपाई टेबलावरून काढून घ्यायचा. परत यायचं नाव नाही. सहा फेऱ्यांनी खेळ संपतो.

"मंग एवढे दिवस काऊन नाई सांगतलं?"

"चाललं होतं तं चालू देलं."

आम्ही खेळलो. पाऊण तासही लागला नाही. गेलेला शिपाई मी उचलून खाटेच्या कडेला ठेवायचो आणि प्लायवूडवर तिथं नुसती मोकळी जागा राहायची. तिकडं बघायची सवय नव्हती. पाच नंबर चौथ्या फेरीत गेला. दादानं त्याच्यासाठी फासा स्वतः टाकला, दोन पडले. सहाव्या फेरीअखेर माझे तीन किडे पडक्या जबड्यांमधे उभे होते आणि त्याचं कुणी नव्हतं. मी पहिल्यांदाच जिंकलो. घामानं चिंब झालो होतो.

दादा भिंतीला टेकला. म्हणाला, "त्या खोलीतून तू बाहीर आला ना, तवाच समजलं मले."

मी टेप गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

"वार्डातले जुने पेशंट सांगतेत. जुळलं नाई म्हणलं तं कागद दाखवतेत. बसत नाई म्हणलं का समजून घ्या लागते." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला फार जड गेलं. "तुह्या वहिनीले सांगू नको. मी गेल्यावर तिले तुह्याच तोंडाकडं पाहून राहा लागन. कळलं तं कोणाकडं पाहीन ती?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफी मागायची होती की आता देतो म्हणायचं होतं, मला आजही ठाऊक नाही. त्यानं हातानंच थांबवलं.

"म्याबी नसती देली बे," तो म्हणाला.

दादा आयुष्यभर तोंडावर खरं बोलणारा माणूस. पंचासमोर आपलाच पाय रेषेबाहेर गेला म्हणून सांगणारा. माझ्यावर तशी वेळ आली असती तर त्यानं डॉक्टरांचा प्रश्न पुरा होऊ दिला नसता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरीही त्यानं ते वाक्य मला दिलं, धर म्हणून. मी धरलं. अजून धरून आहे. आता देतो, एवढं म्हणायला पुढं दीड महिना होता माझ्याकडं. रोज एकाच बसनं जात होतो. म्हणालो नाही.

श्रावणात तो गेला. मशीनवरच, चौथ्या तासाला, भर दुपारी. मी तेव्हा तीन गल्ल्या पलीकडं कुणाच्या तरी कवळीला चकाकी देत होतो.

दादानं सांगितलं तसंच झालं. वहिनी माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या. दादाच्या पोरीच्या शाळेला, घरपट्टीला, गॅस संपला तर भाऊजी. बायको आणून दिली तीही त्यांनीच, सोयरीक जुळवून. परवा दोघी जावा शेवया करत बसल्या होत्या आणि मी आतून ऐकलं. वहिनी सांगत होत्या, "भाऊजीची लई इच्छा होती किडनी द्याची. पण तपासणीत बसलं नाई, तं काय करतीन? त्या उन्हाळ्यात खाल्लं-प्यालं नाई धड यायनं." बायको कौतुकानं ऐकत होती. मी आतल्या खोलीत उभा राहिलो, दोघींचं बोलणं दुसऱ्या विषयावर जाईपर्यंत.

तोंडानं सांगायचा मी चारदा प्रयत्न केला. एकदा तर चहाचा कप हातात घेऊन अर्धा तास बसलो आणि शेवटी पोरीच्या प्रगतिपुस्तकाबद्दल विचारून उठलो. दादाचा शब्द मोडायचा नव्हता असं म्हणायची सोय आहे. पण तो शब्द त्यानं वहिनींसाठी घेतला होता, आणि इतकी वर्षं त्याच्या सावलीत मी एकटाच बसलो. तोंडानं नाही जमलं तर हातानं, म्हणून हे लिहून काढलं. ज्या पुरवणीला पाठवतोय ती अंगणवाडीत येते. मुलं झोपली की वहिनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, मला माहीत आहे.

वहिनी, त्या दिवशी सगळं जुळलं होतं. मी नाही म्हणालो.